काळी वाळू

उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
मी वाळू ठोकली साच्यात.
ओतकाम झालं की ती काळी पडायची,
ट्रॅक्टर भरून रात्री जायची
कुठल्याशा ओढ्याकाठी.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.

आता टेक्नॉलॉजी पार्कातली पोरगी येते,
शिवलीला हुद्दार,
स्कूटरला रिकामी पोती बांधून.
म्हणते, काका, टाकू नका, मला द्या.

परवा घेऊन गेली दाखवायला.
काचेची इमारत. पाटी कन्नडात, खाली इंग्रजीत.
मी अक्षरं जुळवत उभा,
तर वॉचमन म्हणाला,
"चप्पल राहू दे पायात. या की आत."

आत वाळू भाजत होती, धुराशिवाय.
राळ जळून जाते म्हणे,
दाणा पुन्हा पिवळा होतो.
जवळजवळ.
उरल्या भुकटीची वीट.
तिनं दोन ठेवल्या माझ्या हातावर,
एक धड, एक दाबाखाली फुटलेली.
"ही का फुटली?"
"तेच कळंना झालंय, काका. चौथी खेप."

तुकडा अंगठ्यानं चुरला, नाकाशी नेला.
बेंटोनाइट. कोळशाची पूड.
म्हटलं, ही आमची नव्हं,
शेजारच्या शेडची मिसळलीय कुणीतरी.

ती वहीत लिहू लागली.
थांबून नाव विचारलं.
भरमा कडोलकर, म्हटलं. मोल्डर.
एवढं सांगताना
उगाच शर्टाला हात पुसले.

परतताना बस ओढ्यावरून गेली.
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
खिडकीतून वाकून पाहिलं,
काठाला काळं किती आहे ते.