एकोणीस पौंड

प्रिस्का गावात, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये,
एक गुरुवार सोडून वकीलबाई येतात किम्बर्लीहून.
सोबत प्रिंटर, आणि बिस्किटांचा डबा.
मी नंबर लावला. चौदावा.
आधीचे तेरा जण खोकत होते.
भुंकण्यावरून कुत्रं कुणाच्या दारचं ते कळावं
तसे खोकले ओळखतो आम्ही इथे.

नाव? मीटा यूलिस. माहेरची ब्यूकेस.
वय? बहात्तर.
आजार? हा घ्या कागद.
डॉक्टरांनी लिहिलेला तो शब्द
मला एका दमात म्हणता येत नाही.
खाणीत नोकरी कधीपासून कधीपर्यंत?

इथे गाडी अडली.

नोकरी नव्हती, बाई. सात वर्षांची होते.
आई दगड फोडायची,
मी त्यातून निळे धागे सोडवायची.
कापूसदगड म्हणायचो आम्ही,
इतका मऊ, की गालाला लावून बघायचो.
संध्याकाळी पोत्यांत उतरून ते तुडवायचो,
मी आणि काट्रिना, हातात हात,
गुडघ्यापर्यंत निळ्या.
तेवढाच काय तो आमचा नाच.
तोलताना नाव आईचं,
पैसे आईचे, अंगठा आईचा.

वकीलबाई ओनालेना, माझ्या नातीहून जराशी मोठी,
पेन खाली ठेवून म्हणाली, साक्षीदार?
काट्रिना गेली. मुकादम ऑपरमन तर कधीच गेला.
आई याच खोकल्यानं गेली,
तेव्हा त्याला टीबी म्हणायचे.
मी म्हटलं, एक्स-रे आहे की. आत अजून तेच आहे,
त्याला विचारा.
ती हसली नाही.
कंपनी म्हणेल, तुम्ही कामाला नव्हतातच.
वाऱ्यानं आलं असेल.
मी म्हटलं, वारासुद्धा त्यांचाच होता.

चार गुरुवार गेले.
पाचव्याला तिनं वहीची झेरॉक्स आणली,
ऑपरमनच्या सुनेच्या गॅरेजात, रंगाच्या डब्यांखाली सापडलेली.
शनिवारची तोल-वही.
सारा ब्यूकेस, चौतीस पौंड.
सारा ब्यूकेस, छत्तीस.
चौतीस.
मग तिचं बोट थांबलं. ऑगस्ट, एकोणीसशे साठ.
सारा ब्यूकेस, एकोणीस.

दुसरा कागद चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीचा.
माझा भाऊ डिर्क. जन्म मंगळवारी, त्याच आठवड्यातला.

आई त्या आठवड्यात झोपडीत आडवी होती.
उठलीस तर मरशील, सुईण म्हणाली होती.
हातोडी माझ्याकडे होती. दांडा लांब,
मी तो मधोमध धरायची.
बोटं फुटली, त्यांना काट्रिनाच्या आईनं चरबी लावली.
शनिवारी मी एकटी पोतं ओढत नेलं,
मुकादमानं माझ्याकडे पाहिलं, पोत्याकडे पाहिलं,
काही विचारलं नाही. लिहिलं.

पासष्ट वर्षं मला वाटायचं, मी कुठेच नाही.
आणि ही बघा, आईच्या नावापुढे,
आकड्यात.

कोर्टात चालेल हे?
भांडून बघू, ती म्हणाली. चालेलच असं सांगत नाही.
मुदत आजार कळल्यापासून मोजतात,
म्हणजे तुमच्याकडे वेळ आहे.
मग थोडं थांबून म्हणाली, कायद्याच्या हिशोबानं.
आम्ही दोघींनी एकेक बिस्किट घेतलं.

सही करताना तीनदा थांबले.
आडनाव लांब नाही, श्वास आखूड आहे.
मग विचारलं, एकोणीस पौंडांचे किती झाले होते तेव्हा?
तिनं वही जवळ धरली.
एक शिलिंग सात पेन्स.
त्यातले तीन कापलेत. शेरा आहे पुढे:
मालात कचरा.

कचरा नव्हता, मी म्हटलं.
एकेक धागा उन्हात धरून निवडला होता मी.
लिहून घ्या.
खोकला आला, तो जाऊ दिला.
ती वाट बघत होती, पेन हातात घेऊन.
कचरा नव्हता त्यात.
हेही लिहा.