कापणारा एकच

विल्सन रस्त्यावरच्या गॅलरीत, तिसऱ्या मजल्यावर
माझं दुकान. दीड मीटर रुंद.
एक टेबल, एक दिवा,
आणि फळीवर मेलेल्या मदरबोर्डांची चळत.
बाहेर लिमाचं जुलैमधलं आभाळ,
गाढवाच्या पोटासारखं राखाडी.
पडत काही नाही, वाळत काही नाही.

यादिरा आली ती खोकं छातीशी धरून.
भावाने पाठवलेलं. एदिल्बेर्तो
तिकडे अंतोफागास्ताला, तांब्याच्या खाणीत
ट्रकची टायरं बदलतो,
माणसाच्या दुप्पट उंच टायरं.
आठ महिन्यांची शिल्लक म्हणजे
तीन पंख्यांचं एक ग्राफिक्स कार्ड, विटेएवढं जड.
"मायेस्त्रो, खेळ अडखळतो," ती म्हणाली,
"जुन्या कार्डावर अडखळायचा, तसाच."
'तसाच' म्हणताना तिने खोक्याकडे पाहिलं.

कॅबिनेट उघडलं. आत चार कोअरचा प्रोसेसर,
दहा वर्षांचा, वरची पेस्ट वाळून खपली झालेली.
खरवडली, नवी लावली, खेळ चालू केला,
कोपऱ्यात आकडे आणले.
प्रोसेसर शंभर टक्के. कार्ड अडतीस.
फ्रेम बेचाळीस, एक्केचाळीस, बेचाळीस,
आणि बंदरावरच्या बाजारात गर्दी झाली की
एकोणीस.
तिन्ही पंखे जागचे हलले नव्हते.
इतकं थंड कार्ड मी फक्त खोक्यात पाहिलंय.

समजावायला मी तोंड उघडलं
की बाई, प्रत्येक चित्राआधी कुणीतरी ठरवतं
कोण कुठे उभं आहे, गोळी कुणाला लागली,
कुठलं दार उघडं.
ती यादी गेली की मग कार्ड रंगवायला घेतं,
आणि यादीच आली नाही तर...

"थांबा," ती म्हणाली. "गामार्रात,
आईच्या कारखान्यात, शिवणाऱ्या अकरा जणी.
कापणारा एकच, सिन्योर अब्सालोन,
त्याच्या बोटांत आता वात.
मालकाने गेल्या वर्षी नव्या मशीन आणल्या, जपानी.
शर्ट तेवढेच निघाले."

पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांना
नळ आणि पाइप आणि बाटलीची मान सांगतोय.
स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

मग हिशेब. नवा प्रोसेसर या बोर्डात बसत नाही,
पिनांची मांडणीच वेगळी.
बोर्ड बदलला की मेमरी बदला.
मेमरी बदलली की पॉवर सप्लायकडे बघून
मी खोकतो.
चार ओळी, खाली बेरीज.
तिने कागदाची घडी घातली,
घडीची घडी घातली.
"कार्ड विक," मी म्हणालो, "मधलं एखादं घे,
उरलेल्यात प्रोसेसर येईल. जोडी जमेल."
"विकायचं नाही."
पुन्हा विचारलं नाही मी.

एक केलं मात्र.
चित्राचं रिझोल्यूशन दुप्पट केलं,
कापडाचा पोत, कडांची सफाई
सगळं वरच्या टोकाला नेलं.
"अहो, आणखी मंद होईल!"
फ्रेम बेचाळीस.
आणि पंखे फिरायला लागले.
"कात्री तीच," मी म्हणालो, "शर्टही तेवढेच.
अकरा जणींना आता भरतकाम मिळालं, इतकंच."

बाजारातल्या मासेवालीच्या कमरेला
एप्रन होता, हे मला माहीत नव्हतं.
एप्रनच्या कडेचे टाके दिसत होते.
यादिरा खुर्चीत पुढे सरकली.
खेळली नाही. टाके बघत राहिली,
एक सुटलेला होता तोही.

तेवढ्यात फोन. व्हिडिओ कॉल.
पिवळं हेल्मेट, मागे वाळवंट,
ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो.
"किती येतात? शंभर?"
"एकशे वीस," यादिरा म्हणाली,
पापणी न हलवता.
"दाखव की."
तिने फोन पडद्याकडे वळवेपर्यंत
मी हात लांब करून
कोपऱ्यातले आकडे घालवले.

मासेवाली वळली, अडली, वळली.
एदिल्बेर्तो डोळे बारीक करून बघत होता.
"अडकतंय गं," तो म्हणाला.
"नेट," ती म्हणाली. "तुझ्याकडचं."