डांबराखालची नावं

जुलैत शर्यत घाटावरून जाते.
दोन तासांची जत्रा,
मग उरतो रस्ता, मी,
आणि काळ्या रंगाचे चार डबे.

रस्तेखात्यात बावीस वर्षं झाली.
हिवाळ्यात बर्फाच्या खुणेचे खांब रोवायचे,
वसंतात दरडीचे दगड उचलायचे,
उन्हाळ्यात पुसायची
लोकांनी रात्र जागून रंगवलेली नावं.
पांढरं अक्षर ओलं झालं की चाक सटकतं,
म्हणून नियम.

नवव्या वळणावरची दोन मात्र ठेवायची,
असं वरूनच सांगणं होतं.
रुज्जेरो. वानेस.
एकाच ब्रशनं, एकाच रात्री,
फ्लँडर्सहून आलेल्या एका म्हाताऱ्यानं लिहिलेली.
त्याला दोघंही आवडायचे.
अशी माणसं तेव्हा होती.

रुज्जेरोला मी इथेच पाहिला, हातभर अंतरावरून.
तोंड वासलेलं, लाळ हनुवटीवर,
जर्सीची चेन बेंबीपर्यंत उघडी,
खोल विहिरीतून काहीतरी जड उपसावं
तसे खांदे हलत होते.
मागून वानेस आला.
अकरा टक्क्यांचा चढ, आणि तोंड मिटलेलं.
पोस्टाच्या रांगेत उभ्या माणसासारखा
नाकानं श्वास घेत
त्यानं रुज्जेरोकडे एकदा पाहिलं,
आणि गेला.

सोलांज, माझी बायको, खाली दवाखान्यात परिचारिका.
ती म्हणाली,
"मिटल्या तोंडानं इथं बकरीसुद्धा चढत नाही."
मी म्हटलं, गप्प बस, लोक ऐकतील.
लोक ऐकत नव्हते. लोक ओरडत होते.
मीही.

चार वर्षांनी रुज्जेरो सापडला.
मेव्हण्याच्या फ्रिजमध्ये, मटारच्या पाकिटांमागे,
त्याचंच रक्त, तारीख घालून.
सापडला तो चोर.
यादीतून त्याचं नाव काढलं, तिथे आता नुसती रेघ आहे.
वानेसच्या म्हणे दोनशे बाटल्या तपासल्या,
सगळ्या निर्मळ.
झाकली मूठ.
गावात त्याच्या नावाचा चौक आहे, त्याच्या नावाची बिअर आहे,
आणि मुलाखतीत तो अजूनही
तोंड फारसं उघडत नाही.

साहेबांचा फोन आला :
"ते इटालियन नाव काळं कर.
दुसरं राहू दे, लोक फोटो काढतात."

केलं काळं.
पण थंडीत डांबर आकसतं, काळा रंग सोलवटतो,
आणि एप्रिलमध्ये खालून रुज्जेरो वर येतो,
आधी 'रु', मग बाकीचा.
वानेस मात्र गाड्यांच्या टायरांखाली झिजत जातो.
त्याला दरवर्षी पांढरा हात द्यावा लागतो.
एकाच गाडीतले दोन डबे,
ब्रश धुवायचं टर्पेंटाइन एकच.

संध्याकाळी बारमध्ये तोच वाद.
बाजारात दोन गाई शेजारी बांधून
कुणाच्या दुधात पाणी जास्त, हे बघावं तसा.
तेव्हा सगळेच घेत होते.
मग सगळ्यांत चांगला तोच ना?
पण मग न घेणारा कुठे होता?

कोपऱ्यात ऑरेलियाँ दास्त्यूग बसलेला.
आमच्याच गावचा. त्या दिवशी चौऱ्याण्णवावा,
छत्तीस मिनिटं उशिरा.
आता चीजच्या कारखान्यात दुधाचा टँकर चालवतो.
त्याचंही नाव होतं रस्त्यावर, बहिणीनं चुन्यानं लिहिलेलं,
ते पहिल्याच गडगडाटी सरीत वाहून गेलं,
मला हातही लावावा लागला नाही.

त्याला विचारलं, तू तर त्यांच्याबरोबर होतास, सांग.
तो म्हणाला, "मी त्यांच्या फक्त पाठी पाहिल्या.
त्याही पहिल्या वळणापर्यंत."
सगळे हसले.
मग कुणीतरी विचारलं,
"आणि तू?"
तो कपात चमचा फिरवत राहिला,
साखर नव्हती तरी.
मग सुट्टे मोजून ठेवले, टोपी घेतली.

मी अजून त्या चमच्यापाशी अडलोय.

आज सकाळी नववं वळण.
'रु' वर आलाय, 'ज्जे'ची एक मांडीही.
डबा उघडला, गुडघा टेकला,
एवढ्यात घंटा ऐकू आल्या.
वरच्या कुरणाकडे निघालेला मेंढ्यांचा कळप.
बाजूला झालो.
साठ-सत्तर मेंढ्या दोन्ही नावांवरून गेल्या,
लेंड्या टाकत,
आणि एकूण एक मेंढीचं तोंड
उघडं.