उलटी गाडी

सोयाबीनचं कुटार अजून खळ्यावरच होतं,
तेव्हाच आईनं गिरणीच्या पत्र्यावर
खडूनं दोन बाण काढले.
वरचा पुण्याहून गावाकडे,
खालचा गावाहून पुण्याकडे.
वरच्यापुढे लिहिलं: चौतीसशे.
खालच्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

रोशनीला सुट्टी नव्हतीच.
वॉर्डातले पेशंट काही
नरक चतुर्दशीला घरी जात नाहीत.
आणि मिळाली असती तरी काय,
ढोकांच्या मयूरसारखं
केबिनमधल्या फळीवर बसून चौदा तास यायचं,
एक दिवस झोपायचं,
एक दिवस फराळाचं खायचं,
की निघाले परत.

"सगये इकडं येतेत," चाळणी आपटत आई म्हणाली,
"मंग त्या गाड्या तिकडं कशा जातेत?"
मी म्हटलं, रिकाम्या.
ती बराच वेळ गिरणीच्या पट्ट्याकडे पाहत राहिली,
वरून जाणारा,
खालून येणारा,
एकच पट्टा.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या तिकिटात कारंज्याला.
फिरोजभाईनं चहा सांगितला अन् हसला,
"धनतेरसच्या रात्री पुण्याले कोन जाते, मावशी?"
"मी जातो."
साडेचारशे. खालची सीट, चाकाच्या पुढची.
रात्री कुठं थांबते, तिथं बाथरूमला दार आहे का,
दाराला कडी आहे का,
सगळं विचारून मग पैसे दिले.
अन् लगेच परतीचंही काढलं,
भाऊबीजेनंतरचं,
जेव्हा सगळं पुणं पुण्याला परत जात असतं
तेव्हाचं.

मग डाळीचे डबे आले.
चकलीची भाजणी, अनारशाचे तांदूळ, शंकरपाळ्यांचा मैदा सोडून
गावानं जे जे तळायचं ठरवलं होतं
ते सगळं आमच्या जात्यातून गेलं.
धनतेरसला चार वाजता शेवटचा डबा,
जिजाबाई भोयरांचा, दीड पायली.
आईनं स्वतः स्विच खाली पाडला.
कानातलं पीठ धुतलं. भुवयांतलं राहिलं.

सामान एकच पिशवी.
"जे मांडीवर मावत नाही
ते आपलं नाही," म्हणाली,
अन् करंज्यांचा मोठा डबा काढून
छोटा भरला.

रात्री बायपासवर मी गाडी स्टँडला लावली.
समोरून पुण्याच्या गाड्या येत होत्या, एकामागे एक,
काचांना गाल चिकटलेले,
टपावर नव्या सायकली, एक फ्रीजसुद्धा.
मयूर उतरला, पाय सुजलेले,
कंबर धरून म्हणाला, "काकू, तुम्ही कुठं?"
आईनं आलेल्या लोंढ्याच्या उलट बोट दाखवलं.
तिची गाडी आली
तेव्हा आत तीन माणसं होती
अन् दिवे मंद.

मेहकरला फोन आला.
"पाय पसरून झोपलो होतो रे.
क्लीनरनं दुसरं पांघरुन देल्लं.
दाराले कडी आहे."

सकाळी हॉस्टेलवरून रोशनीचा फोटो.
सगळ्या पोरी आपापल्या गावाला,
सहा खाटांची खोली दोघींना.
रात्रपाळीचा युनिफॉर्म अजून अंगात,
खाटेखाली पणती,
अन् आईच्या भुवया तशाच पांढऱ्या.

इकडे मी गिरणीच्या उंबऱ्याशी दिवा लावला.
दुपारपर्यंत ढोक येऊन गेले, जिजाबाईचा जावई येऊन गेला,
पत्र्यासमोर उभे राहून
मान तिरकी करून बाण वाचत होते.
मी फोनवर सांगितलं तर आई आधी गप्प.
मग म्हणाली, "पुस ते.
सगये उलटे जाऊ लागले
त मंग ते उलटं कायचं?
तिकिट वाढते."

ओल्या फडक्यानं पुसलं.
आकडे गेले.
पिठाचा थर बसलेल्या पत्र्यावर
खालचा बाण तेवढा राहिला,
अंधुक,
पण वाचता येण्याइतका.