किती पिते

तिने रंग विचारला नाही.
आली, जॅकेट काढून कुंपणावर टाकलं
आणि सरळ ट्रेलरखाली शिरली, पाठीवर,
ओल्या खडीत.
मी वरून तिचे बूट पाहत राहिलो.
कालवांच्या शेडमधले बूट, टाचेला चुन्यासारखं पांढरं.

खालून आवाज आला, "बेअरिंगं कधी बदलली?"
"गेल्या मार्चात." ते खरं होतं.
"वजन?"
"ट्रेलर धरून बत्तीसशे पाउंड."
फाटकाबाहेर तिची पिकअप उभी होती,
चार सिलिंडरांची, दाराला गंज.
तिचे ओठ हलले, हातचा एक धरला.
जमत होतं. जेमतेम.

याआधी दोन पाहून आली होती.
एक अठ्ठावीस फुटी, जुळी इंजिनं,
आत पलंग, चूल, आरसासुद्धा.
"आरसा कशाला? ओकताना तोंड बघायला?"
दुसरी स्वस्त, पण पोट इतकं सपाट
की लाटेवर कढईसारखी आदळते.

"ट्यूना यंदा कुठे?"
"चाळीस मैल. कधी पन्नास.
हिरवं पाणी संपून निळं लागतं, तिथे."
"म्हणजे जाऊनयेऊन शंभर."
मग सगळे जे शेवटी विचारतात
ते तिने मधेच विचारलं:
"किती पिते?"

"गॅलनला तीन मैल," मी म्हणालो.
सोळा वर्षं हेच म्हणत आलोय,
धक्क्यावर, बर्फाच्या दुकानात, मेव्हण्याला.
बावीस फुटांची, अंगाने सडपातळ,
नाळ सुरीसारखी, एकच इंजिन.
तिला तीन शोभून दिसतात.

ती आसनाखालच्या खणात चाचपत होती.
शिट्टी, भिजलेल्या काड्यापेट्या, गंजका पाना,
आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत एक वही.
मी विसरलो होतो. खरंच विसरलो होतो.
लेम्पीचं अक्षर, बारीक, उजवीकडे कललेलं:
तारीख, मैल, गॅलन, वारा,
आणि ओळीच्या टोकाला भागाकार.
दोन पॉइंट दोन. दोन पॉइंट तीन.
एकदा एक पॉइंट नऊ,
पुढे लिहिलेलं, "वायव्येचा वारा. आर्वो हट्टाला पेटला."
तीन कुठेच नव्हते.

सोळा वर्षं तिला ठाऊक होतं.
मी तीन म्हणायचो
आणि ती शेजारी उभी राहून
थर्मासचं झाकण फिरवत असायची.

मारेनने पहिलं पान मोठ्याने वाचलं:
एक भाग जायला, एक भाग यायला,
एक कोलंबियाच्या मुखावरच्या वाळूच्या उंबरठ्यासाठी.
घरात कधी घ्यायचं, ते तोच ठरवतो.

"पाचशे कमी करतो," मी म्हणालो.
"कशाला? बोट विकणाऱ्याचे तीन
कोणी खरे धरत नाही.
या दोन पॉइंट दोनवर मला हिशेब बसवता येतो.
शंभराला पंचेचाळीस, वर त्याचं निम्मं,
टाकी सत्तरची. बसलं."
पैसे मोजले. नोटा ओलसर होत्या.
वहीचं आम्ही काही बोललो नाही.
तिने ती पिशवीत घातली, गाठ मारली
आणि होती तिथेच ठेवली.

निघताना कळलं, ट्रेलरचा डावा दिवा लागत नाही.
तार मिठाने खाल्लेली.
चारलाच धुकं उतरलं होतं,
आणि तिचं घर पुलापलीकडे, वॉशिंग्टनच्या काठाला.
मी माझी गाडी काढली.
चार मैलांचा पूल, तीसच्या वेगाने,
ती पुढे, बोट मधे, मी मागे
धोक्याचे दिवे लुकलुकवत.
ताडपत्रीचा एक कोपरा सुटून
सारखा हात हलवल्यासारखा करत होता.
मागच्या ट्रकवाल्याने चार शिव्या दिल्या असतील.
मला ऐकू आल्या नाहीत.

परतताना पंपावर थांबलो.
पावतीच्या पाठीवर मैल लिहिले,
खाली गॅलन,
भागून पाहिलं.
बाकी उरली.