सत्तरपैकी

रणभिसे मास्तर सत्तरपैकी गुण द्यायचे.
सत्तर कुणालाच नाहीत, म्हणायचे,
चौथीच्या वर्गातसुद्धा पैकीच्या पैकी मी दिले नाहीत कधी,
मग ही तर अमेरिकेची तांब्याची सेंटं,
दोनशे वर्षं खिशाखिशांतून घासत आलेली.

रेल्वे लाइन्समधली त्यांची खोली, उत्तरेची खिडकी.
पंखा बंद, कारण वाऱ्याने धूळ बसते.
एप्रिलातल्या बेचाळीस डिग्रीत आम्ही दोघं बनियनवर,
घामाचं बोट लागू नये म्हणून
नाणं कडेला धरून, फक्त कडेला.
'श्वास तिकडे सोड, येमूल.'
मी तिकडे सोडायचो.

मी टॉवेल तपासतो, अक्कलकोट रोडला.
काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट, वरून कापड सरकतं.
धागा तुटला, गाठ राहिली, तेलाचा डाग,
खडूची फुली, की तो सेकंड.
सेकंड शोधण्यातच डोळे म्हातारे झाले.
मास्तरांनी त्यांना दुसरं काम लावलं:
काय गेलं ते मागून बघ. आधी काय उरलंय?
बाईच्या कानावरचे केस पहिल्यांदा झिजतात,
मग गाल.
अंबाड्याची दोरी दिसते का?
दिसली तर वीस. पीळ मोजता आला तर तीस.
मग वजाबाकी. काठाला ठोकर, दोन.
गालावर ओरखडा, जुना, काळा पडलेला, एक.
(ताजा असता तर पाच.
जुनं दुखणं तांबं पोटात घालतं.)

अठराशे सतराचं एक होतं त्यांच्याकडे.
तेव्हा आपलं सोलापूर पेशव्यांकडे, बाजारात शिवराई,
आणि तिकडे कुणा कारागिराने साच्यावर
तेराच्या जागी पंधरा चांदण्या ठोकल्या.
चूक. त्या चुकीलाच भाव.
मी म्हटलं, मास्तर, आमच्याकडे दोन धागे जास्त गेले
तर जॉबर पगार कापतो.
इतके हसले की भिंग पुसावं लागलं.

मार्चात मास्तर गेले.
महिन्याने एस्तरबाई आल्या, त्यांची बहीण.
हातात स्टीलचा डबा, अजून शेंगाचटणीचा वास.
'भाऊची नाणी. काय येतील ते तुम्हीच सांगा.
नीट करून आणलीत.'
झाकण उघडलं.
चिंच, मीठ, वरून राखेचा हात.
अकराच्या अकरा
नव्या बंबासारखी लाल.

'रात्रभर बसले होते,' बाई म्हणाल्या.
'काळवंडलेलं कसं द्यायचं कुणाच्या हातात
भाऊचं काही?'
बोटांची पेरं आंबटाने सोलली होती.

वही काढली. झीज बघता: पंचवीस.
मग पृष्ठभाग.
घासलेल्याचं किती वजा करायचं
ते मास्तरांनी शिकवलं होतं, तेवढं केलं.
आठ.
कुणी घासलं, कशासाठी,
त्याचा रकाना वहीत नाही.

'चांगली निघालीत, बाई,' मी म्हटलं.
दहा नाणी पुण्याच्या एका माणसाने नेली,
तोंड वाकडं करून.
पंधरा चांदण्यांचं मी ठेवलं,
पंचविसाच्या भावाने, तीन पगारांत फेडून.
हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आता ते विडी घरकुलात, माझ्या खिडकीत, कागदावर.
खिडकी पश्चिमेची. चालायचंच.
आधी लाल विझतो, मग काठाने चहाचा रंग चढतो.
वीस वर्षं धर, मास्तर म्हणायचे,
आणि तरी जाणत्याला कळतंच.
मला बासष्टावं चालू आहे.

बायको विड्या वळता वळता मान वर करते,
'चांगलं लखलखत होतं की हो,
काळं पडायला लागलंय बघा.'

पडू दे, म्हणतो.