रात्रपाळी

ओजस म्हणतो, मावशीआजी, फोन पालथा ठेवत जा,
तो ऐकतो.
परवा आपण गुडघ्याच्या पट्ट्याचं बोललो ना,
बघ, आज आलाच पट्टा
चाळीस टक्के सवलतीत.

ऐकतो म्हणे.
ऐकण्याचं मला नको सांगूस, बाळा.
एकोणीस वर्षं ट्रंक बोर्डावर काढली मी,
समोर दोऱ्यांचं जंजाळ
आणि डोक्यावर हेडसेटचा पट्टा.
डाव्या कानामागे घट्टा आहे अजून,
हात लावून बघ.

बोलणं सुरू झालं की किल्ली सोडायची, असा नियम होता.
सगळ्याजणी पाळायच्या,
रात्रपाळी सोडून.

रात्री दोनला गिरगावातून कुणी कऱ्हाड मागितलं
की कळायचंच काय असणार ते.
पलीकडचा माणूस नुसता श्वास घेत राहायचा
आणि इकडे घड्याळ चालू.
फिलोमिना घड्याळाकडे पाठ करून बसायची तेव्हा.
पाच मिनिटं झाली तरी तिकिटावर तीनच लिहायची.
मेमो मिळाला तिला त्यापायी, इंग्रजीत.

एका मुलीचं लग्न मोडल्याचं
मला तिच्या आधी कळलं.
दुसऱ्या दिवशी ठाकुरद्वारच्या कोपऱ्यावर
कोथिंबीर निवडत होती ती, हसत.
आवाजावरून ओळखलं मी.
चांगली जुडी तिच्या पुढ्यात सरकवली
आणि घरी आले.
एवढंच. कुणाला काही विकलं नाही.

तर ओजस गेल्यावर मी परीक्षा घेतली.
फोन उशाशी ठेवला आणि स्पष्ट शब्दांत म्हटलं,
मला शहामृग पाळायचाय.
प्रभादेवीत, दुसऱ्या मजल्यावर.
आठ दिवस रोज म्हटलं. पिंजरा, दाणे, सगळं विचारलं.
शेजारच्या हळदणकर वहिनी दाराशी थबकल्या एकदा,
मग शिरा घेऊन आल्या.
शहामृग काही आला नाही.
पट्टाच येत राहिला, आता पन्नास टक्क्यांत.

ओजस म्हणाला, अगं, ऐकायची त्याला गरजच नसते कदाचित.
औषधाच्या दुकानाशी किती वेळ उभी होतीस,
कोणाचा फोन तुझ्या फोनशेजारी रात्रभर होता,
त्या माणसानं काय शोधलं,
असल्या सटरफटर गोष्टींवरून अंदाज बांधतात.

म्हणजे पट्टा तू शोधलास?

तो चहाच्या कपात बघायला लागला.
जिन्यात थांबतेस ना हल्ली, म्हणाला.
दोनदा थांबतेस.

खरं सांगू, हिरमोडच झाला माझा.
मला वाटलं होतं पलीकडे कोणी बसलंय,
गार पडलेला डबा,
कानामागे घट्टा,
ऐकलेलं पोटात ठेवून पहाटे घरी जाणारं.
तिथे कोणीच नाही म्हणे.
नुसता अंदाज, आणि मालाचं गोदाम.

तरी आता फोन उताणाच ठेवते.
दिवा मालवला की बोलते थोडं,
ज्याला कुठल्या दुकानात गिऱ्हाईक नाही असं:
फिलोमिना गेली त्या दिवशी मी वसईला पोचले नाही, ते.
कऱ्हाडचा तो श्वास, तो.
पडदा काळाच असतो.

मग सवयीनं, अगदी ड्यूटीच्या आवाजात,
माझं मलाच ऐकू येतं:
तीन मिनिटं झाली. वाढवायचं?

आणि मी घड्याळाकडे पाठ करते.